धर, सोड, मार

फुटबॉल शिकवायला माझ्याजवळ तीनच शब्द होते. धर, सोड आणि मार. धर म्हणजे आलेला बॉल पायाखाली थांबव. सोड म्हणजे स्वतःजवळ ठेवू नकोस, आपल्या गड्याला दे. मार म्हणजे गोलात मार. नगरला कॅम्पाच्या मैदानावर मी जे काही ऐकलं-पाहिलं होतं ते सगळं इंग्रजीत होतं. प्रवरेकाठच्या पोरांना ते समजावत बसलो असतो तर सबंध पावसाळा तिथंच संपला असता. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी इंग्रजी गुंडाळून ठेवलं आणि हे तीन शब्द काढले. ते इतके लागू पडले की मला माझंच कौतुक वाटायचं. अजूनही जुने विद्यार्थी भेटले की ते तीन शब्द म्हणून दाखवतात आणि हसतात. मीही हसतो. मधल्या शब्दाचं पुढं काय झालं, ते मात्र मी त्यांच्यापैकी कोणालाही सांगितलेलं नाही.

गाव कोल्हारपासून सायकलच्या अंतरावर. नाव सांगत नाही, कारण शाळेचा यात काही दोष नाही. दोष आहे तो माझा. सत्तर साली तिथल्या हायस्कुलात मी पी.टी.चा मास्तर म्हणून लागलो तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. नववीचा वर्ग आणि भूगोलही माझ्याच गळ्यात मारला होता. अंगात मस्ती होती, गळ्यात शिट्टी होती आणि डोक्यात एकच भुंगा होता, की या हुतूतू खेळणाऱ्या पोरांची फुटबॉलची टीम काढायची आणि नगरच्या एखाद्या शाळेला पाणी पाजायचं. यात थोर असं काही नव्हतं. नगरला शिकत होतो तेव्हा शाळेच्या टीमनं मला कधी अकरा जणांत घेतलं नव्हतं. तीन वर्षं मी रेषेबाहेर बसून दुसऱ्यांचे सदरे सांभाळले होते. तो राग मी नोकरीबरोबर गावात घेऊन आलो होतो.

हेडमास्तरांना फुटबॉल पटत नव्हता. ते धोतर, काळा कोट आणि टोपीतले, बोलायला मोजके आणि वागायला सरळ. मला म्हणाले, "अहो, एका बॉलमागं बावीस पोरं पळणार, आणि बॉल फुटला की बावीसच्या बावीस घरी जाणार. हुतूतूला काय लागतं? नुसता दम." तरी त्यांनी परवानगी दिली. लोहाराच्या शेडमागून आणलेले चार वासे उभे करून आम्ही गोल केले. वरच्या आडव्या दांडीच्या जागी सुंभाचा दोर बांधला. मैदानाच्या एका बाजूला कारखान्याकडे जाणारा रस्ता होता आणि रस्त्यापलीकडे पाटाची चारी. दर संध्याकाळी बॉल दोन-तीनदा तरी चारीत जायचा आणि कोणीतरी चड्डी वर खोचून पाण्यात उतरायचं.

'सोड' हा शब्द शिकवायला सगळ्यात जड गेला. पोरांना बॉल एकदा मिळाला की शेरडाचं पिल्लू कवटाळावं तसा त्याला ती दोन पायांत धरून ठेवायची. मी रेषेवरून ओरडायचो, "सोड! अरे सोड! सोडतोस का येऊ?" सगळं मैदान दणाणून जायचं. शेतातून परतणाऱ्या बायका रस्त्यावर थांबून माझी टर उडवायच्या. एक म्हातारी तर रोजच म्हणायची, "मास्तर, तुमीच सोडा की आता लेकरान्ला, दिस बुडाला." पोरं खिदळायची. एकच शब्द दोन तऱ्हांनी लागतो हे त्या म्हातारीनं माझ्या तोंडावर सांगितलं होतं. मला ते फक्त चेष्टा म्हणून ऐकू आलं.

तो मुलगा मला एकाहत्तरच्या जानेवारीत दिसला. कारखान्याचा हंगाम जोरात होता. खर्ड्याच्या बाजूनं, जामखेड तालुक्यातून ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांच्या पाचटाच्या कोप्या चारीच्या पलीकडं पडल्या होत्या. बॉल कोणीतरी आडवातिडवा मारला आणि तो रस्त्यावर गेला. समोरून एक चौदा-पंधरा वर्षांचा वाळका पोरगा डोक्यावर वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा घेऊन चालला होता. त्याला समोरचं धड दिसतही नसेल, इतकी वाढी तोंडावर आली होती. त्यानं भाऱ्यावरचा हात काढला नाही, मान वळवली नाही. नुसता अनवाणी पाय पुढं केला, बॉल थांबवला आणि त्याच पायानं तो माझ्या छातीवर आणून घातला. आणि चालायला लागला.

मी शिट्टी टाकून त्याच्यामागं धावलो.

तो गावाकडं आठवीत होता. म्हणजे दिवाळीपर्यंत असायचा. मग आईबापाबरोबर इकडं यायचा आणि हंगाम संपला की परत जाऊन बाकावर बसायचा. दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या कोपीवर गेलो. बाप बैलांपुढं वाढी टाकत होता. मी आपलं सुरू केलं, मुलगा खेळाडू आहे, त्याला जूनपासून आमच्या शाळेत ठेवा, बोर्डिंगात राहील, मॅट्रिक होईल, खेळाडूंना पोलिसांत घेतात, मिलिटरीत घेतात. बापानं सगळं ऐकून घेतलं.

"सर, त्यो आमचा अर्धा कोयता हाय," तो म्हणाला.

मला कळलं नाही. मग त्यानंच सांगितलं. तोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटं माणूस आलं तर अर्धा. पोरगा हाताशी आल्यापासून मुकादम त्यांना दीड कोयता धरत होता. त्याला शाळेत ठेवायचं म्हणजे तो अर्धा कमी करायचा. मी पुन्हा पोलीस आणि मिलिटरी सुरू केली. आई चुलीपाशी होती. ती पहिल्यांदाच बोलली, "तितं त्याला पोटभर घालतेत का?" मी म्हटलं, घालतात. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो म्हणाला, "बरं. ह्या पावसाळ्यापुरतं ठिवतो. दिवाळीच्या टायमाला आमी यिऊ, तवा बगू."

आता हेडमास्तरांकडं जाणं आलं. बोर्डिंगात जागा नव्हती, आणि असली तरी आधी आसपासच्या वाड्यांवरच्या पोरांची होती. तरी हेडमास्तर म्हणाले, "तुमच्या शब्दावर ठेवून घेतो. ऑगस्टात तुमची पहिली मॅच आहे ना? अध्यक्ष येणार आहेत. पोरगा त्यांना दाखवा. त्यांना पटला तर मॅट्रिकपर्यंत जागा पक्की. नाही पटला तर दिवाळीनंतर मला काही विचारू नका." अध्यक्ष म्हणजे शाळेच्या स्थानिक समितीचे. गावात त्यांच्या शब्दापुढं कोणी जायचं नाही.

जूनमध्ये तो नववीत आला. पत्र्याची पेटी, त्यात दोन सदरे आणि एक घोंगडी. मी त्याला मागं, बॅकला, उभा केला. पळायला तो काही फार चपळ नव्हता. पण इतका आज्ञाधारक खेळाडू मी आयुष्यात पाहिला नाही. बाकीची पोरं माझा शब्द ऐकायची, मग विचार करायची, मग पाय हलवायची. याच्यात मधला विचार नव्हताच. माझ्या तोंडातून 'सो' निघेपर्यंत बॉल याच्या पायातून गेलेला असायचा. एकदा मी त्याला कौतुकानं विचारलं, की एवढं चटकन कसं जमतं रे? तर म्हणाला, "बैलाला बी दोन डाव सांगावं लागत न्हाई, सर. मला कामून लागंल?"

मी ते उत्तर स्टाफरूममध्ये चारचौघांना सांगितलं. पोरं अशी पाहिजेत, असंही म्हटलं.

ऑगस्टातल्या एका शनिवारी ती मॅच झाली. नगरच्या एका शाळेची टीम एस.टी.नं आली. सगळ्यांच्या पायात बूट, गुडघ्यापर्यंत मोजे. आमच्या अकरांपैकी दोघांच्या पायात कॅनव्हासचे बूट होते, तेही एकमेकांचे अदलाबदल केलेले. बाकीचे अनवाणी. आम्ही पहाटे उठून फक्कीनं रेषा मारल्या होत्या. शाळा सकाळची असल्यामुळं दुपारी सगळं गाव लोटलं. अध्यक्षांनी नारळ फोडला आणि सामन्याचं उद्घाटन म्हणून बॉलला लाथ मारली. बॉल दोन हात गेला आणि त्यांच्या पायातली वहाण त्याच्या पुढं जाऊन पडली. एरवी कोणी हसायची छाती केली नसती, पण तेच हसले म्हणून सगळे हसले. इतका चांगला दिवस उगवला होता.

आणि पोरं खेळली. मी खोटं सांगत नाही, बुटांना न घाबरता खेळली. नगरवाल्यांनी पहिल्या अर्ध्यात आठ-दहा वेळा आमच्या गोलावर चाल केली आणि दर वेळी तिथं हा वाळका पोरगा उभा. धर म्हटलं की धरत होता, सोड म्हटलं की सोडत होता. मध्यंतराला अध्यक्ष खुर्चीतून वाकून हेडमास्तरांना म्हणाले, "ते मागचं वाळकं पोरगं कुणाचं हो? लई चिवट हाय." हेडमास्तरांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. मी समजलो, जागा पक्की. मला त्या क्षणी झालेला आनंद त्या पोरासाठी किती आणि माझ्यासाठी किती होता हे आज वेगळं काढता येत नाही.

शेवटची पाच-सहा मिनिटं राहिली होती. दोन्हीकडं शून्य. नगरच्या शाळेशी बरोबरी म्हणजे आम्हाला जिंकल्यासारखीच होती. त्यांच्या एका पोरानं लांबून बॉल मारला, तो गोलच्या बराच बाजूनं, सरळ रेषेबाहेर निघाला होता. त्याच्या मागं त्यांचं कोणी नव्हतं. आमचा बॅक बॉलच्या बरोबरीनं धावत होता. करायचं काहीच नव्हतं. पाय लावायचा नाही, बॉल आपोआप बाहेर जाईल, की झालं. मी रेषेवर तिथंच जवळ उभा होतो. माझ्या तोंडातून निघालं, "सोड! सोड!"

तो माझा मैदानावरचा शब्द नव्हता. तो घरातला, रस्त्यातला, सगळ्यांचा शब्द होता. सोड ते, राहू दे, जाऊ दे. आमच्या गोलकीपरनं तो तसाच ऐकला आणि हात खाली सोडून तो बाजूला झाला. पण त्या पोराला मी सहा आठवडे रोज संध्याकाळी जे शिकवलं होतं, तेच त्याच्या पायानं ऐकलं. सोड म्हणजे आपल्या गड्याला दे. जवळ आपला गडी एकच होता, गोलकीपर. त्यानं रेषेवरून बॉल वळवला आणि गोलकीपरकडं ढकलला. अगदी नीट, शिकवल्याबरहुकूम. गोलकीपर तिथून हलला होता. बॉल इतका सावकाश गोलात गेला की खुर्चीतून उठून हेडमास्तरांनाही तो अडवता आला असता.

नगरच्या पोरांनी उड्या मारायला सुरुवात केली. तो मुलगा बॉलकडं बघत नव्हता. तो माझ्याकडं बघत होता. सांगितलेलं काम केल्यावर तो रोज बघायचा तसाच, मी मान हलवीन म्हणून.

मी मैदानात घुसलो. "काय केलंस हे?"

"तुमी सोड म्हनला, सर," तो म्हणाला. "म्हून सोडला."

मला तिथंच कळलं. हे मी लपवत नाही. नंतर विचार केल्यावर कळलं, रात्री अंथरुणात कळलं, असं काही नाही. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मला लख्ख कळलं होतं की चूक त्याची नाही, माझी आहे. आणि कळलं म्हणूनच माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याच्या कानाखाली वाजवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, "सोड म्हटलं, सोड! तुला मराठी कळत नाही का?"

लोक हसले. आजूबाजूच्या कडांवरून हसण्याची लाटच आली. अध्यक्षही हसले. त्यानं गालाला हात लावला नाही. तो आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला आणि उरलेली मिनिटं खेळला. आम्ही एका गोलानं हरलो.

मॅचनंतर पाहुण्यांचा चहा हेडमास्तरांच्या खोलीत होता. नगरची मंडळी एस.टी. गाठायला गेली आणि आम्ही तिघं उरलो. अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, तुमचा परगावचा पैलवान आपल्याच गोलात मारतो की हो." हेडमास्तर हसले नाहीत. त्यांनी कपबशी खाली ठेवली आणि मला विचारलं, "पोरगा म्हणतो तुम्ही सांगितलंत म्हणून त्यानं मारला. असं आहे का?"

यापेक्षा सरळ प्रश्न कोणी विचारू शकला नसता. उत्तरही सरळ होतं. साहेब, मी त्याला सोड या शब्दाचा एक अर्थ शिकवला आणि ऐन वेळी दुसरा वापरला. त्यानं माझं ऐकलं. दोन वाक्यं. अध्यक्ष हसले असते, गावात चार दिवस माझी टिंगल झाली असती, रस्त्यावरच्या बायकांना नवा विषय मिळाला असता. नोकरी गेली नसती. फार तर फुटबॉल बंद पडला असता. मला भीती वाटली ती हसं होण्याची, एवढीच. तीन वर्षं सदरे सांभाळलेल्या माणसाला पुन्हा हसं करून घ्यायचं नव्हतं.

मी म्हटलं, "गोंधळला असेल, साहेब. पहिलीच मॅच त्याची."

हेडमास्तरांना खरं कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. ते म्हणाले, "बरं." अध्यक्ष उठता उठता म्हणाले, "दिवाळीनंतर ती जागा आपल्या इकडच्या पोराला द्या." हेडमास्तर त्यालाही बरं म्हणाले. मी कपबशा गोळा करायला लागलो.

पुढच्या मॅचला मी त्याला बाहेर ठेवलं. का ठेवलं याला मी स्वतःला एक कारण दिलं होतं, की पोराचा धीर सुटला आहे. खरं म्हणजे तो मैदानात असला की मला ओरडता येत नव्हतं. तो रेषेबाहेर बसून बाकीच्यांचे सदरे सांभाळायचा. बॉलला एरंडेल चोळायचा, ब्लॅडरमध्ये हवा भरून आणायला सायकलच्या दुकानात जायचा, चारीत बॉल गेला की कोणी सांगायच्या आत पाण्यात उतरायचा. पोरांनी त्याचं नावच सोड ठेवलं होतं. जेवायच्या पंगतीत कोणी म्हणायचं, सोड, ती भाकरी सोड इकडं. मी ऐकायचो आणि कानाडोळा करायचो. एका शब्दात मला ते थांबवता आलं असतं. पण थांबवायला गेलो तर का थांबवतो हे सांगावं लागलं असतं.

त्याच्याशी बोलायचं मी रोज ठरवत होतो. आज सहामाहीचे पेपर आहेत, आज तो एकटा नाही, आज माझंच डोकं ठिकाणावर नाही. असं करत दिवाळी आली. त्याला भूगोलात वर्गात सगळ्यांपेक्षा चांगले मार्क पडले होते. पेपर मीच तपासले होते.

दिवाळीनंतर टोळ्या आल्या. बाप एका सकाळी शाळेत आला आणि व्हरांड्यात उकिडवा बसून राहिला. जागा गेल्याचं त्याला हेडमास्तरांनी सांगितलं. त्यानं वाद घातला नाही. शाळेच्या क्लार्कच्या घरी लग्न होतं म्हणून तो रजेवर होता, तेव्हा हेडमास्तरांनी छापील कागद माझ्यापुढं ठेवला. म्हणाले, "तुम्ही वर्गशिक्षक आहात, तुम्हीच भरा."

शाळा सोडल्याचा दाखला. मी असे दाखले पुढं शेकडो भरले, पण तो पहिला. नाव, जात, जन्मतारीख, वर्तणूक. वर्तणुकीपुढं मी उत्तम लिहिलं. त्याखाली एक रकाना असतो, शाळा सोडण्याचे कारण. तिथं माझा टाक थांबला. मुलगा टेबलापलीकडं उभा राहून माझ्या हाताकडं बघत होता. मी लिहिलं, वडिलांच्या विनंतीवरून. तसंच लिहायची पद्धत आहे.

बाप आत आला, त्यानं कागद दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. म्हणाला, "सर, तुमी लई केलं त्याच्यासाठी. आमचंच नशीब न्हाई." मला त्यापेक्षा त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाप पायऱ्या उतरला. मुलगा पेटी उचलून दारापर्यंत गेला आणि परत वळला.

"सर, एक इचारू का?"

"विचार."

"त्या दिशी तुमी सोड म्हनला तवा काय करायचं हुतं?"

तो मला टोचत नव्हता. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं. गणित चुकलेला पोरगा वही घेऊन येतो तसा तो आला होता. तीन महिने हा प्रश्न त्याच्या डोक्यात होता, आणि उत्तर देणारा माणूस एकच होता. मी दौतीचं झाकण लावत म्हटलं, "आता काय त्याचं. जा, वडील थांबलेत."

"व्हय," तो म्हणाला आणि गेला.

त्यानंतर मी मैदानावर सोड हा शब्द वापरला नाही. त्याच्या जागी 'दे' म्हणायला लागलो. पोरांना वाटलं पुण्याच्या कुठल्या शिबिरात सरांना नवा शब्द मिळाला. पुढं दोन-तीन वर्षांनी आमच्या टीमनं नगरच्या शाळेला खरंच हरवलं. कप आला, अध्यक्षांनी सगळ्या टीमला जेवण दिलं. मी जेवलो आणि घरी आलो, बाकी काही वाटलं नाही. मधल्या वर्षी मोठा दुष्काळ पडला आणि त्यानंतर ती टोळी आमच्याकडं पुन्हा दिसली नाही. एकदा, बऱ्याच उशिरा, मी एस.टी.नं खर्ड्याला जाऊन आलो. स्टँडवरच्या हॉटेलात विचारलं, असा असा मुलगा, फुटबॉल खेळायचा. हॉटेलवाला म्हणाला, "सायेब, अर्दा तालुका तोडीला जातोय, त्यातला कोंचा सांगू?" मी तिथल्या किल्ल्याकडं नुसता पाहत बसलो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आलो.

पण त्याला शेवटचं मी पाहिलं ते त्याच हिवाळ्यात, दाखला दिल्यावर दोन महिन्यांनी. संध्याकाळची प्रॅक्टिस चालू होती. रस्त्यानं उसाच्या बैलगाड्या कारखान्याकडं चालल्या होत्या. त्यातल्या एका गाडीच्या पुढं, कासरा हातात घेऊन, तो चालत होता. डोक्याला फडकं बांधलेलं, अंगाला उसाचं पाचट चिकटलेलं. दोन महिन्यांत तो उंच झाल्यासारखा वाटला. मी पाहिलं आणि पाठ फिरवली. तेवढ्यात आमच्यातल्या कोणीतरी बॉल आडवा मारला आणि तो उताराला लागून सावकाश रस्त्याकडं निघाला, नेमका त्याच्याच रोखानं.

पोरांनी त्याला ओळखलं. "मार! अरे मार की इकडं!" सगळी एकदम ओरडायला लागली. त्यानं बैल थांबवले. पाय पुढं केला. मला वर्षापूर्वीचा तो वाढ्यांचा भारा आठवला, आणि मी नकळत हात छातीशी नेला, बॉल घ्यायला.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग पुढं केलेला पाय मागं घेतला आणि एक पाऊल बाजूला झाला. बॉल त्याच्या आणि बैलांच्या मधून सरळ गेला, रस्ता ओलांडून चारीत पडला. त्याला पाय लावायचा नाही, आपोआप जाऊ द्यायचं. त्या दिवशी करायचं होतं ते हेच. मी सांगितलं नव्हतं, तरी त्यानं ते शोधून काढलं होतं. आणि ते सापडलं म्हणजे चूक कोणाची होती हेही त्याला सापडलंच असणार. त्यानं बैलांना चुचकारलं आणि गाडी पुढं काढली.

"सर, बघा ना," आमचा गोलकीपर चिडून म्हणाला, "मुद्दाम सोडला त्यानं!"

"हो," मी म्हटलं. "बरोबर सोडला."

पण तोवर गाडी कारखान्याच्या फाट्याच्या पुढं गेली होती.